चौदावे वाचन : दर सुट्टीत तेच पुस्तक, आणि यंदा काहीच न वाटणे

पानखूण

गेली तेरा वर्षे वर्षअखेरच्या मोठ्या सुट्टीत मी एकच कादंबरी पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे. पहिल्या वर्षी ती योगायोगाने हाती पडली, दुसऱ्या वर्षी प्रवासाला निघताना दुसरे पुस्तक घ्यायचे राहून गेले म्हणून वाचली आणि तिसऱ्या वर्षी मात्र ठरवून वाचली. तेव्हापासून सुट्टीचा पहिला दिवस म्हणजे ती प्रत कपाटातून खाली काढण्याचा दिवस, असे ठरूनच गेले. वाचून झाली की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने ते वर्ष आणि त्यापुढे एक ओळ लिहायची, एवढाच काय तो विधी.

यंदा चौदावे वाचन सुरू केले आणि सव्वाशे पाने झाल्यावर जाणवले की, काहीच होत नाही. कंटाळा आला असेही म्हणता येणार नाही, कारण कंटाळ्यालासुद्धा थोडी चीड लागते. ओळखीचा माणूस रस्त्यात समोरून यावा, दोघांनी मान हलवावी आणि आपापल्या वाटेने निघून जावे, तशी वाक्ये येत होती आणि जात होती. ज्या प्रसंगापाशी मी दरवर्षी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसतो, तो मागे पडल्याचे मला दोन पाने उलटल्यावर कळले.

तर प्रश्न असा आहे की, अशा वेळी नेटाने शेवटपर्यंत वाचावे, पुस्तक वर्षभर बाजूला ठेवावे, की ही प्रथा इथेच थांबवावी? तुमच्यापैकी कोणी असे वर्षाचे पुस्तक पाळत असेल, तर तुमचा अनुभव वाचायला आवडेल. कादंबरीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव दिले की चर्चा तिच्या गुणदोषांवर जाईल आणि माझा प्रश्न बाजूला राहील.

अर्धविराम

या विषयावर मला बरेच लिहायचे आहे, परंतु आत्ता सवड नाही. तूर्त रुमाल टाकून जागा धरून ठेवते.

तिरकस

चौदा वर्षे एकनिष्ठ राहून नाव मात्र न घेणारा वाचक मी प्रथमच पाहतो आहे. माझीही अशीच एक प्रथा आहे : एक जाडजूड कादंबरी मी गेली नऊ वर्षे दर सुट्टीत पहिल्यापासून वाचायला घेतो आणि चाळिसाव्या पानावर सुट्टी संपते. त्या चाळीस पानांवर माझा अधिकार आता लेखकापेक्षा जास्त असावा.

संथवाचक

आपल्या भाषेत वाचन आणि पारायण असे दोन वेगळे शब्द आहेत आणि या धाग्याचे उत्तर बहुधा त्या दोहोंच्या मध्ये कुठे तरी आहे. पारायणात ठरलेला ग्रंथ ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायचा असतो. मधल्या एखाद्या दिवशी मन लागले नाही म्हणून सारे फुकट गेले, असे पारायण करणारा मानत नाही. वाचनाकडून मात्र आपण दर वेळी काही तरी मागतो. तुमची कादंबरी मधल्या कुठल्या तरी वर्षी वाचनाच्या रकान्यातून पारायणाच्या रकान्यात गेली आणि तुमची मागणी तेवढी जुनीच राहिली, असे मला तुमच्या लिहिण्यावरून वाटते. यात पुस्तकाचा दोष नाही आणि तुमचाही नाही.

व्लादिमिर नाबोकोव्ह विद्यार्थ्यांना साहित्य शिकवत असत. त्यांचे म्हणणे असे होते की, पुस्तक खऱ्या अर्थाने वाचता येत नाही, ते फक्त पुन्हा वाचता येते. चित्रासमोर उभे राहिले की ते एका नजरेत सगळे दिसते. पहिल्या वाचनात मात्र डोळ्यांना ओळीमागून ओळ, पानामागून पान असे राबावे लागते आणि ही मेहनतच आस्वादाच्या आड येते. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वाचनात आपण पुस्तकाकडे थोडेफार चित्रासारखे पाहू लागतो. मला हे पटते. चौदाव्या वाचनात काय होते, याबद्दल मात्र ते काही सांगत नाहीत.

गणिती

मी विरुद्ध बाजूने बोलतो. एखाद्या नोकरदार माणसाची वर्षाला वीस पुस्तके वाचून होतात असे धरले, तर पन्नास वर्षांत त्याची हजार पुस्तके होतील. हजार हा आकडा ऐकायला भरघोस वाटतो, पण मध्यम आकाराच्या ग्रंथालयातली चार-पाच कपाटे भरली की तो संपतो. एवढ्याच जागा जन्माला आलेल्या माणसाने त्यातल्या चौदा जागा एकाच पुस्तकाला द्याव्यात, हे मला उधळेपणाचे वाटते.

शिवाय माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. सुट्टीचे दिवस हे वाचनाच्या दृष्टीने वर्षातले सर्वांत सुपीक दिवस असतात. एरवी आपण रात्री झोपेच्या काठावर चार पाने वाचतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातली दोन पुन्हा वाचतो. सलग दोन-तीन तास मिळतात ते सुट्टीतच. त्याच जमिनीत दरवर्षी तेच पीक घेतले, तर जमिनीचा कस जाणारच. पानखूण यांना यंदा जे जाणवले त्यात मला काही गूढ दिसत नाही.

जुनी_प्रत

गणिती, पुस्तकांची अशी मोजदाद करायची, तर नोबेल मिळवणारे अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनर यांचे काय करायचे? आपण 'डॉन किहोते' दरवर्षी वाचतो, असे त्यांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत सांगितले होते. दोन भागांत, १६०५ आणि १६१५ साली, आलेली ती कादंबरी अनुवादात सहज नऊशे-हजार पाने घेते, म्हणजे प्रत्येक वर्षी त्यांच्या तीन-चार नव्या कादंबऱ्या बुडत असणार. तरीही त्यांचे फार नुकसान झाले असे म्हणवत नाही.

आता माझा अनुभव. मीही एक पुस्तक दर सुट्टीत वाचते आणि ते वाचण्याचे कारण थोडे लाजिरवाणे आहे. त्यातील एक निरोपाचा प्रसंग मी कित्येक वर्षे लोकांना रंगवून सांगत आले : गच्ची, वाळत घातलेले कपडे, कपड्यांच्या पलीकडून येणारा आवाज, बोलणाऱ्याचा चेहरा न दिसणे. पुढे एका मैत्रिणीने पुस्तक वाचून, असा प्रसंग यात कुठेच नाही, असे मला कळवले. मी ठामपणे पान क्रमांक द्यायला बसले आणि खरोखरच तो सापडला नाही. निरोप आहे, पण तो जिन्यात आहे, तिथे कपडे नाहीत, आणि दोघे एकमेकांना अगदी स्पष्ट पाहत आहेत. दुसरी आवृत्ती मिळवून पाहिली, तीत पण जिनाच. ती गच्ची मी कुठून आणली, हे मला आजही उमगलेले नाही. दर सुट्टीत तो जिना वाचला की पुढचे काही महिने मला जिनाच आठवतो आणि वर्ष सरत आले की हळूहळू पुन्हा गच्ची उगवते. मी पुस्तक वाचते ते स्वतःला दुरुस्त करण्यासाठी, आणि ती दुरुस्ती वर्षभरही टिकत नाही.

तिरकस

जुनी_प्रत, मला तुमची गच्चीची आवृत्ती वाचायची आहे. जिन्याची नको.

चिकित्सक

या विषयावर थोडे संशोधन झालेले आहे, ते इथे नोंदवून ठेवतो. २०११ साली लेविट आणि क्रिस्टेनफेल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी वाचकांना लघुकथा दिल्या. काहींना शेवट आधीच सांगितला, काहींना सांगितला नाही. ज्यांना शेवट ठाऊक होता, त्यांनी कथांना सरासरीने जास्त पसंती दिली, अगदी रहस्यकथांनासुद्धा. पुढे काय होणार हे माहीत असले की आनंद संपतो, हा आपला समज त्यामुळे जरा डळमळतो. मात्र २०१५ साली झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात याच्या उलट निष्कर्ष निघाला, तेव्हा यावर फार मोठी इमारत उभी करू नये.

तुमच्या प्रश्नाच्या अधिक जवळचा अभ्यास २०१२ सालचा आहे. रसेल आणि लेव्ही यांनी तेच पुस्तक पुन्हा वाचणाऱ्या, तोच चित्रपट पुन्हा पाहणाऱ्या आणि त्याच जागी पुन्हा जाणाऱ्या लोकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यांना असे दिसले की, लोक केवळ सवयीने किंवा जुन्या आठवणींच्या ओढीने परत जात नाहीत. मागच्या वेळचा मी आणि आजचा मी यांच्यात किती अंतर पडले, हे त्यांना त्या परत जाण्यातून कळते आणि पुष्कळदा त्यासाठीच ते जातात. या दृष्टीने पाहिले, तर यंदा काहीच वाटले नाही हीसुद्धा एक नोंदच आहे. ती नेमकी कशाची, हा प्रश्न उरतो.

गणिती

अंतर मोजायला फूटपट्टी लागते हे मान्य. पण तीनशे पानांची फूटपट्टी कशाला? एक कविता घ्यावी, दहा मिनिटांत काम होते.

गोष्ट_सांग

माझी मुलगी तीन वर्षांची असताना एक चित्रांचे पुस्तक रोज रात्री वाचून घेत असे. मी थकून एखादे पान गाळले, तर ती डोळे मिटलेलेच ठेवून मला ते पान परत वाचायला लावत असे. त्या काळात मला कोणी तरी २०११ सालचा एक प्रयोग सांगितला होता : तीन वर्षांच्या मुलांना एक तर त्याच त्या गोष्टी वाचून दाखवल्या, नाही तर दर वेळी वेगळ्या, नवे शब्द कानांवर पडण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच ठेवले होते, तरी त्याच गोष्टी ऐकणाऱ्या मुलांच्या लक्षात ते शब्द अधिक चांगले राहिले. माझ्या थकलेल्या घशाला तेवढेच समाधान.

परंतु मला सांगायचे आहे ते वेगळे. एका रात्री मी ते पुस्तक उचलले आणि मुलगी 'हे नको' एवढेच म्हणाली. त्यानंतर तिने ते पुन्हा कधीही मागितले नाही. सात-आठ महिने रोज ऐकलेल्या गोष्टीला तिने निरोपसुद्धा दिला नाही, आणि त्याचे वाईट वाटले ते मला. पानखूण, प्रथा थांबवावी का, असे तुम्ही इतक्या लोकांना विचारत आहात, त्याअर्थी तुमचे 'हे नको' अजून आलेले नाही, असे मी समजते.

समासातील_नोंद

शेवटच्या कोऱ्या पानावर दरवर्षी एक ओळ लिहिता, हे वाचून मला राहवले नाही. चार्ल्स डिकन्स यांचे 'अ ख्रिसमस कॅरोल' हे वर्षअखेरीस पुन्हा वाचायच्या पुस्तकांत जगभर सर्वांत प्रसिद्ध असावे. ते १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रकाशित झाले आणि पहिल्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. पण त्याचा सर्वांत चिवट पुनर्वाचक खुद्द डिकन्सच होता. १८५३ पासून १८७० साली आपल्या मृत्यूच्या काही महिने आधीपर्यंत तो हे पुस्तक श्रोत्यांसमोर मोठ्याने वाचत राहिला. त्यासाठी त्याने एका प्रतीची पाने सुटी करून मोठ्या कागदांवर चिकटवून घेतली होती, म्हणजे चारही बाजूंना ऐसपैस समास मिळाला. त्यात तो वाक्ये खोडत गेला, शब्द बदलत गेला, कुठे कसा आवाज लावायचा याच्या सूचना लिहीत गेला. जवळजवळ तीन तासांचे वाचन कमी होत होत पुढे निम्म्यावर आले. ती प्रत आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे.

तेव्हा पुनर्वाचनात पुस्तक तेच राहते आणि माणूस बदलतो, हे जे आपण नेहमी म्हणतो, ते मला अर्धेच खरे वाटते. डिकन्सने स्वतःचे पुस्तकही तसेच राहू दिले नाही. पानखूण, तुमची कादंबरी क्षणभर बाजूला ठेवा आणि त्या मागच्या पानावरच्या तेरा ओळी सलग वाचून पाहा. जमल्यास इथेही द्या.

पानखूण

सर्वांचे आभार. समासातील_नोंद यांच्या सांगण्यावरून ते पान काढले. आजवर दर वेळी मी नवी ओळ लिहिताना फार तर वरची एक ओळ वाचत असे. तेराच्या तेरा ओळी सलग कधी वाचल्या नव्हत्या. त्यातील काही देतो.

पहिले वर्ष : शेवट मुळीच पटला नाही.

दुसरे : शेवट अजूनही पटत नाही, पण दुसरा कसा असावा हे सुचत नाही.

पाचवे : धाकट्या भावाकडे आजवर लक्षच गेले नव्हते.

सहावे : पान २१२ वर छपाईची चूक.

नववे : दोन रात्रींत, बहुतेक उभ्याने. (त्या सुट्टीत आम्ही घर बदलत होतो आणि खुर्च्या पुढे गेल्या होत्या.)

दहावे : फक्त वर्ष लिहिलेले आहे. ओळ नाही. त्याचे कारण मला माहीत आहे, पण ते इथे लिहावेसे वाटत नाही.

अकरावे : या वेळी मोठ्याने वाचली. संवाद वाटले होते त्याहून लहान आहेत.

बारावे : नेहमीप्रमाणे सुंदर.

तेरावे : नेहमीप्रमाणे सुंदर.

आणखी एक गोष्ट दिसली. पान ९७-९८ सुटे झाले आहे आणि त्यामागची काही पाने हलू लागली आहेत.

बांधणीकार

सुट्या पानाबद्दल मी बोलू शकतो, बाकीच्याबद्दल तुम्ही सगळे बोलतच आहात. तुमच्या प्रतीच्या कण्याकडे वरून पाहा. पानांच्या लहान लहान घड्या एकमेकींना दोऱ्याने शिवलेल्या दिसल्या, तर ती जुजबंदी शिलाई आहे. तशी नसून सगळी पाने सुटी कापून कण्यापाशी नुसत्या गोंदाच्या थरात बसवलेली असतील, तर काही वर्षांनी तो थर कडक होतो आणि पुस्तक सपाट उघडले की तडकतो. दरवर्षी त्याच प्रसंगापाशी पुस्तक उघडे धरून बसणाऱ्याची प्रत नेमकी त्याच जागी फाटते, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. पान ९७ तोच प्रसंग आहे का, हे मला विचारायचे नाही, पण मला तसे वाटते.

कृपा करून चिकटपट्टी लावू नका. तिचा चिकट द्रव कागदात उतरतो, पिवळा पडतो आणि कालांतराने पट्टी गळून पडली तरी डाग राहतो. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद असेल, तर तो आधीच आम्लामुळे ठिसूळ होत असतो. उन्हात ठेवलेली पाने अधिक लवकर पिवळी होतात. दरवर्षी हाताळायच्या पुस्तकाला कोरडी, अंधारी जागा द्यावी आणि ते उघडताना दोन्ही बाजूंना आधार द्यावा. पान बसवण्याचे काम चांगला बाइंडर सहज करून देतो.

पानखूण

होय. तोच प्रसंग आहे.

अर्धविराम

रुमाल उचलते.

पानखूण, तुमच्या ओळी मी तीन वेळा वाचल्या. तुम्ही विचारता की यंदा काहीच का वाटले नाही, परंतु तुमचे पान सांगते की हे यंदाचे नाही. अकराव्या वर्षापर्यंत प्रत्येक ओळीत काही तरी दिसलेले आहे : शेवट, भाऊ, छपाईची चूक, संवादांची लांबी. दहाव्या वर्षाच्या रिकाम्या जागेतसुद्धा काही तरी आहे. बाराव्या आणि तेराव्या वर्षी मात्र अक्षरशः तीच ओळ आहे आणि ती पुस्तक न उघडताही लिहिता आली असती. न वाटण्याची सुरुवात तेव्हाच झाली होती. यंदा फक्त तुम्ही ते स्वतःशी कबूल केलेत.

माझे असेच झाले होते, म्हणून हे ओळखता आले. मी आणि माझी बहीण वेगवेगळ्या गावी राहतो आणि सुट्टीत एकच पुस्तक एकाच वेळी वाचून रोज रात्री फोनवर बोलतो. काही वर्षांपूर्वी आमचे बोलणे आटत गेले. मला वाटले, पुस्तक झिजले. तिला वाटले, मी झिजले. शेवटी तिनेच एकदा विचारले की, तू हल्ली दिवसातून कितीदा वाचायला बसतेस? मी मोजले तेव्हा लक्षात आले की, मी सुट्टीवर असताना कामाचे फोन घेत होते आणि दोन फोनांच्या मध्ये वाचत होते. वर्षाचे पुस्तक तेच होते, वाचणारीही तीच होती, सुट्टी मात्र त्यातून केव्हाच निघून गेली होती. त्यानंतर आम्ही पुस्तक न बदलता दिवस बदलले : चारच दिवस घ्यायचे, पण पूर्ण घ्यायचे.

म्हणून माझा तुम्हाला एकच प्रश्न आहे. बाराव्या वर्षी तुमच्या सुट्टीत काय बदलले?

पानखूण

हे उत्तर लिहायला मला दोन दिवस लागले, कारण मी थोडा हिशेब केला. पूर्वी माझी ही सुट्टी सलग दहा दिवसांची असे. बाराव्या वर्षाच्या आधी काही महिने कामावरची माझी जबाबदारी बदलली. तेव्हापासून सुट्टी कागदावर दहा दिवसांचीच आहे, पण रोज सकाळी दोन-अडीच तास मी पत्रांना उत्तरे देत असतो आणि संगणक दिवसभर उघडाच असतो. यंदाची सव्वाशे पाने मी अकरा बैठकांत वाचली आहेत. त्यातली एक बैठक सात मिनिटांची होती. मी घड्याळ पाहिले होते, म्हणून सांगता येते.

अर्धविराम, तुमचा प्रश्न वाचून आधी थोडा राग आला होता, हेही नोंदवून ठेवतो.

गणिती

मग माझा आक्षेप मागे घेतो, निदान यांच्यापुरता. जमिनीचा कस गेलेला नाही, यांनी तीन वर्षे ती पेरलीच नाही.

आणि आता सगळे इतके खरे बोलत आहेत, तर मीही सांगून टाकतो. माझ्याकडे बुद्धिबळाच्या गाजलेल्या डावांचे एक जुने पुस्तक आहे. दर सुट्टीत मी पट मांडून त्यातले सगळे डाव पहिल्या चालीपासून पुन्हा खेळतो. कोण जिंकणार हे मला पाठ आहे, तरीही एका डावात दर वेळी मला वाटते की, काळा या खेपेला वाचेल. हे मी आजवर पुनर्वाचन मानत नव्हतो, म्हणून माझ्या हजार पुस्तकांच्या हिशेबात ते धरलेले नाही.

तिरकस

गणिती, आपली प्रतिमा आता कायमची डागाळलेली आहे. स्वागत असो.

संथवाचक

अर्धविराम यांचे निदान मला पटले, पण पूर्ण नाही. सलग वेळ मिळाला म्हणजे पुस्तक पूर्वीसारखे बोलेलच, असा त्यांच्या लिहिण्याचा सूर आहे. तसे न होण्याचीही शक्यता आहे, आणि ती पानखूण यांनी मनाशी धरून ठेवावी. एका कादंबरीशी माझा असाच बावीस वर्षांचा सहवास होता. अडथळा नव्हता, वेळ भरपूर होता, तरी एका वर्षी ती संपली ती संपलीच. मी ती कोणालाही देऊन टाकली नाही, कपाटात तिची जागाही बदलली नाही. फक्त सुट्टीच्या पहिल्या दिवशी हात आता तिच्याकडे जात नाही. त्यात मला काही दुःखद वाटत नाही, उलट बावीस वर्षे हा आकडा थोडा मिरवावासा वाटतो.

जुनी_प्रत

मला संथवाचक यांचे म्हणणे समजते, पण माझ्याबाबतीत ते लागू पडणार नाही. मला निदान त्या जिन्यासाठी तरी परत जावेच लागेल.

पानखूण

पुढे काय केले ते सांगतो, म्हणजे धागा अर्धवट राहायला नको. सुट्टीचे दोन दिवस उरले आहेत. संगणक बंद करून काल दुपारी पुन्हा पुस्तक हाती घेतले, पण सव्वाशेव्या पानापासून पुढे न जाता पान ९० पासून मागे घेऊन वाचू लागलो. पान ९७ वर आलो तेव्हा ते पान हातातच आले. प्रसंगाचा अर्धा भाग त्या सुट्या पानावर आणि अर्धा पुस्तकात, अशा अवस्थेत मी तो वाचला. या वेळी काही वाटले का, याचे उत्तर मी लगेच देणार नाही, कारण इतक्या जणांनी विचारल्यावर वाटले असे म्हणण्याचा मोह होतो.

तिथेच थांबलो. मागच्या पानावर यंदाचे वर्ष लिहिले आणि त्यापुढे 'पान ९८ पर्यंत' अशी ओळ लिहिली. आज सकाळी प्रत बाइंडरकडे देऊन आलो. ती आठवड्याने मिळेल, म्हणजे तोपर्यंत सुट्टी संपलेली असेल. पुढच्या वर्षी दहाच्या जागी पाचच दिवस मागणार आहे, अर्धविराम म्हणतात तसे, पूर्ण.

बांधणीकार

प्रत दिलीत हे चांगले केलेत, पण एक गोष्ट ताबडतोब करा. नवी बांधणी करताना सुरुवातीची आणि शेवटची कोरी पाने बहुतेक ठिकाणी काढून टाकतात आणि त्याजागी नवीन अस्तराचा कागद लावतात. तुमच्या ओळी शेवटच्या कोऱ्या पानावर आहेत असे तुम्ही वर लिहिले आहे. ते पान राखायचे आहे, असे तुम्ही त्यांना सांगितले आहे का?

पानखूण

नाही. लगेच फोन करतो.